सोळा पायांचा बेस

थोरलीचं म्हणणं एकच होतं: जे आज बिघडलं ते उद्याही बिघडणार, तेव्हा पुन्हा काढता येईल असंच बसवावं. सुनेचं म्हणणंही एकच होतं: जे यंत्र दिवसभर थरथरतं त्यात सुटी वस्तू ठेवू नये. दोघींचं खरं होतं, आणि भांडण पेटतं ते अशाच ठिकाणी. एकीचं खोटं असतं तर चहा उकळेपर्यंत मिटलं असतं.

वस्तू म्हणाल तर करंगळीच्या एका पेराएवढी. काळी, सोळा पायांची आयसी, म्हणजे चिप, दोन्ही बाजूंना आठ-आठ. मेलेल्या गोमेसारखी दिसते. पण ती ज्या मशीनमध्ये होती त्या मशीनच्या नळीवर थोरलीचा नवरा श्वास घेत होता.

नवऱ्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. पुढे दुकान, मध्ये प्लायवूडची भिंत, मागे खोली. चाळीस वर्षं मिस्त्रींनी त्या दुकानात बसून दुनियेचे बोर्ड दुरुस्त केले. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कपडे धुण्याची यंत्रं. सोल्डरचा डाग, म्हणजे कथलाचा टाका, नाकाजवळ घेतल्याशिवाय नीट दिसत नाही म्हणायचे, आणि सोल्डरबरोबर राळेचा धूरही ओढायचे. धूर काही फुकट जात नाही. तो छातीत जागा धरून बसला. शेवटी डॉक्टरांनी हे मशीन गळ्यात बांधलं. खोलीतली हवा आत घ्यायची, गाळायची आणि त्यातला प्राणवायू नळीतून नाकात सोडायचा. पंप सारखा घूं करत राहायचा, आणि दर थोड्या वेळाने टक् करून झडप पडायची, फुस्स करून नको ती हवा बाहेर जायची. झडपा उघडमीट करायचं काम त्या आयसीचं. ती नसली तर पंप चालू राहतो, नळीतून हवाही येते. पण ती तुमची-आमची साधी हवा. आपल्याला पुरते. मिस्त्रींना पुरत नव्हती.

थोरलीला थोरली का म्हणत, तर जावांत ती मोठी. जावा वेगळ्या झाल्या, दीर पांगले, नाव तेवढं राहिलं. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या हातावर बॅटरीचा उजेड धरायला उभी राहिली. मग हातपंपाने वितळलेलं सोल्डर ओढून काढायला शिकली, मग मारायला. मिस्त्रींचे हात कापायला लागले तेव्हापासून सगळं तिनेच केलं. हे मागे बसून सांगायचे, ती पुढे बसून करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रींचा हात अजून तसाच आहे हो. थोरली मान डोलवायची. वाचताना तिला अजून ओळीखाली बोट धरावं लागे, पण आयसीवरचा नंबर ती शेजारणीच्या चेहऱ्यासारखा ओळखायची, आणि शेजारणीइतकंच त्याच्याबद्दलही बरं कमीच बोलायची.

सून आली ती कॉलेजातून कोर्स करून. बॅगेत स्वतःचं सोल्डरिंग आयर्न, त्याला गरमाई कमीजास्त करायचं बटण. थोरली पहिल्याच दिवशी म्हणाली होती की ही हत्यार घेऊनच घरात शिरली, पुढचं काय ते ज्याने त्याने समजावं. लेक हसला होता. सूनही हसली होती, पण जरा उशिरा. ती एका सर्विस सेंटरला कामाला होती, नऊला जायची, सहाला यायची. लेकाची गोदामात पाळी. म्हणजे दिवसभर घरात मिस्त्री, थोरली आणि ते मशीन.

तर एका सकाळी आयसी उडाली, म्हणजे जळाली. मिस्त्रींना प्राणवायूच्या राखीव सिलेंडरवर ठेवलं आणि सुनेने मशीन उघडलं. आयसी काढली, भोकं साफ केली. काम सुबक होतं, थोरलीलाही नाव ठेवता आलं नाही. मग सून नवी आयसी चिमट्यात धरून म्हणाली, "थेट सोल्डर मारते, आई. पंप थरथरतो, बेसातली आयसी हळूहळू वर सरकते."

बेस म्हणजे आयसीची खुर्ची. खुर्चीला सोल्डर मारायचं आणि आयसी नुसती त्यात दाबून बसवायची. बिघडली की उपटायची, दुसरी दाबायची. मिस्त्रींच्या दुकानातून बेसाशिवाय बोर्ड बाहेर गेला असं कधी झालं नव्हतं.

थोरलीने बोर्ड उलटा करून दाखवला. मशीन जुनं घेतलेलं, आधीच्या मालकाने दोनदा याच जागी आयसी बदललेली, तांब्याची पट्टी एका कोपऱ्यात सुटायला आलेली. अजून एकदा तापवलंस की उचलेल, ती म्हणाली, मग बस तारा ओढत.

"पुढच्या वेळी मी आहे ना," सून म्हणाली.

झोंबलं ते हेच. पुढच्या वेळी मी आहे. आणि तू सहाला येईपर्यंत? तोवर मी काय हात जोडून बसू? थोरलीच्या डोळ्यांना आता बारीक डाग दिसत नव्हते, हे तिला ठाऊक होतं आणि तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं ती धरून चालली होती. बेस असला तर तिला डोळे लागणार नव्हते. उपटली, दाबली, झालं. नवऱ्याचा श्वास सुनेच्या सुट्टीवर टांगून ठेवायला ती तयार नव्हती.

हे ती बोलली नाही. ती मागच्या खोलीत गेली आणि मिस्त्रींना विचारलं, नेहमीसारखा बेसच ना? असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल. मिस्त्रींनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, "बेस." थोरली बाहेर येऊन खुर्चीत बसली. सुनेने चिमटा खाली ठेवला, घाला म्हणाली आणि तयार व्हायला गेली.

बेस थोरलीने घातला. डोळ्यांना दिसलं नाही ते हाताने केलं. सोळा डाग, सोळाही गोल, चकचकीत. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण सून डबा पिशवीत टाकून बाहेर आली, टेबलापाशी थांबली, आणि थोरलीला दाखवायची हौस आली. नवी आयसी उगीच कशाला घासायची म्हणून तिने बोर्डातून काढलेली, उडालेली आयसी उचलली आणि बेसात दाबली. बघ, घातली. बघ, काढली. लागलं का तुझं आयर्न? पुन्हा घातली, पुन्हा काढली. पाच वेळा.

त्या उडालेल्या आयसीच्या पायांना जुनं सोल्डर चिकटलेलं होतं. पाय जाड झाले होते. बेसाच्या प्रत्येक भोकात दोन नाजूक पत्र्या असतात, त्या पायाला दोन्हीकडून धरतात. जाड पाय शिरला की फाकतात, आणि फाकल्या की परत जवळ येत नाहीत. सोल्डर लागलेला पाय बेसात घालायचा नाही, हा त्या दुकानातला पहिला धडा. त्यासाठी थोरलीने आजवर तीन कामगारांची सात पिढ्यांची आठवण काढली होती. आणि त्या सकाळी, सून बघते आहे या नादात, तिने स्वतःच्या हाताने तेच केलं.

मग नवी आयसी घातली. नवी आयसी बेसात जाताना अडते. अंगठा देऊन भार टाकावा लागतो, कट् असा आवाज येतो. ही अडलीच नाही. जुन्या चपलेत पाय जावा तशी गेली. थोरलीच्या अंगठ्याला कळलं. तिने मान वर केली तर सून बघत होती. सुनेने बेसाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि येते म्हणून निघून गेली.

खणात अजून दोन बेस होते. अर्ध्या तासाचं काम. पण हा काढायचा म्हणजे पुन्हा तापवायचं, त्यात पट्टी उचलली जाणार, आणि संध्याकाळी सुनेला सांगायचं की बाई, माझ्याच हातून घाण झाली. थोरलीने झाकण ठेवलं आणि चार स्क्रू आवळले. मशीन चालू झालं. घूं, टक्, फुस्स. मिस्त्रींच्या ओठांना रंग आला. रविवारी बघू, तिने मनाशी म्हटलं, सून बाहेर गेली की गुपचूप बदलून टाकू. रविवार आला आणि सून घरातच राहिली, डोकं दुखतंय म्हणून.

तोवर थोरलीने एक तोड काढली. रोज सून गेली की मिस्त्रींना पाच मिनिटं सिलेंडरवर घ्यायचं, झाकण उघडायचं, आयसीवर अंगठा दाबायचा, झाकण लावायचं. मिस्त्री विचारायचे, काय करतेस? ती म्हणायची, धूळ पुसते. सात दिवस केलं. सातही दिवस आयसी जागची हलली नव्हती. आठव्या दिवशी दुकानात गर्दी होती, राहिलं. नवव्या दिवशी वाटलं, उगीच कशाला स्क्रूचे आटे खराब करा. माणसाची भीती अशीच असते. सात दिवस पोसली की तिला वाटतं आपण काळजी घेतली.

बाराव्या दिवशी दुपारी गल्लीतला शिंपी शिलाईमशीनचा बोर्ड घेऊन आला. बोर्डावर चहा सांडलेला, आणि शिंपी शपथेवर सांगत होता की त्याच्या घरात कुणी चहा पीतच नाही. थोरलीला असं गिऱ्हाईक मिळालं की तिचा दिवस साजरा व्हायचा. तिने बोर्ड नाकाला लावला आणि म्हणाली, साखर तरी कमी घालत जा, मुंग्यांनाही मधुमेह व्हायचा. शिंपी हसला, मग चिडला, मग कबूल झाला. अर्धा तास गेला. प्लायवूडच्या मागून मशीनचा घूं येत होता आणि तिचे कान त्या घूंवर होते. फक्त घूंवर. टक् नव्हतं, फुस्स नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

चारला ती चहा घेऊन आत गेली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून झोपले होते. नळी नाकात, मशीन चालू, दिवा हिरवा. तिने खांदा हलवला. तोंड वळलं तेव्हा ओठ शाईसारखे झाले होते.

पुढचं तिने बरोबर केलं. सिलेंडर उघडला, नळी बदलली, शिंप्याला हाक मारली, गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की किती वेळ असे पडून होते. ती म्हणाली, माहीत नाही. शिंपी अर्धा तास बसला होता, हे तिने सांगितलं नाही. पण त्याआधीचं खरंच माहीत नव्हतं.

तीन दिवस मिस्त्री दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की जीव वाचला आहे, डोक्याला हवा कमी पडली, काय आठवेल काय नाही ते आता घरीच बघा. लेक त्यांना घेऊन दुपारी येणार होता. त्याच्या आत मशीन तयार हवं होतं.

सून सुट्टी काढून घरी राहिली. मशीन दुकानातल्या टेबलावर घेतलं. चारही स्क्रू तिने काढले, झाकण उचललं. आयसी एका बाजूने नखभर वर आलेली होती. बस, तेवढीच. सुनेने ती दोन बोटांनी उचलली. चिमटासुद्धा लागला नाही. मग बेसावर भिंग धरून बघत राहिली. थोरली समोरच्या स्टुलावर बसली होती. सून आता बोलेल, मग बोलेल, म्हणून वाट बघत होती. सून भिंग फिरवत होती. बाहेर कुणी शटर वाजवलं, बंद आहे म्हटल्यावर गेलं.

"जुनीचे पाय जाड होते," शेवटी थोरलीच म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मलाही," सून भिंगावरचा डोळा न काढता म्हणाली.

"काय मलाही?"

"मी उभी होते ना, आई. तुम्ही पाच वेळा घातलीत. दुसऱ्याच वेळी मला कळलं."

"मग तोंडात काय मूग धरले होतेस?"

सुनेने भिंग खाली ठेवलं. "बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?" तिने आयसी टेबलावर ठेवली आणि पुढे म्हणाली, "आणि खरं सांगते. मला वाटलं, निघू दे एकदा बाहेर. मशीन थांबेल, अलार्म वाजेल, तुम्ही घाबराल आणि मला फोन कराल. मग मी येऊन सोल्डर मारीन. अलार्मची शिट्टी याच आयसीवर चालते, हे माझ्या लक्षात आलं नाही. दोन वर्षं शिकले, आणि हे बघितलं नाही."

थोरलीकडे शिव्यांचा तोटा कधी नव्हता. विणकामासारख्या एकात एक गुंतवून ती देऊ शकायची. त्या वेळी तिने आत हात घातला तर काहीच लागलं नाही. एकीने अब्रूसाठी तोंड मिटलं, एकीने जिंकण्यासाठी. मागच्या खोलीत म्हातारा झोपला होता, त्याचा दोघींपैकी कुणीच विचार केला नव्हता. केला होता म्हणा, पण आपापल्या नंतर.

"दे इकडे बॅटरी," ती म्हणाली आणि उजेड धरायला उभी राहिली.

सुनेने बेस काढायला घेतला. दोन्हीकडून तापवला, हलकेच ओढला. बेसाबरोबर पट्टीही उचलली गेली, कोपऱ्यातलीच. दोघींनी पाहिलं. मी म्हटलं होतं, असं थोरली म्हणाली नाही. सुनेने केसासारखी तार घेतली, मोजून तोडली, एका टोकाला डाग, दुसऱ्या टोकाला डाग. मग आयसी थेट बोर्डात घातली आणि एकेक पाय सोल्डर करत गेली. धूर वर आला तसं तिने तोंड बाजूला केलं. थोरलीला आठवलं, तिनेही मिस्त्रींना सांगितलं होतं कधीतरी, तोंड बाजूला करा म्हणून. एकदाच सांगितलं होतं. दहादा सांगायला हवं होतं. बाकी सगळ्या गोष्टी तर ती दहादा सांगत असे.

बॅटरी धरलेला हात अवघडला, तरी तिने बदलला नाही. सोळावा पाय झाल्यावर सुनेने प्रत्येक डाग चिमट्याने ढकलून पाहिला. काही हललं नाही. आता ही आयसी उडाली तर थोरलीला काही करता येणार नव्हतं. सिलेंडर उघडायचा आणि सुनेला फोन करायचा. हेच टाळण्यासाठी तर सगळं केलं होतं.

दुपारी लेक आणि गाडीवाला मिस्त्रींना उचलून आत घेऊन आले. नळी लावली. मिस्त्रींनी डोळे उघडले, छत बघितलं, खिडकी बघितली. थोरली पुढे होऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, अहो, मी आहे. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. ज्या वस्तूचं काम आपण करत नाही ती घेऊन एखादं गिऱ्हाईक यावं, आणि त्याला नाही कसं म्हणावं हे कळू नये, तसं पाहिलं. मग डोळे मिटले.

लेक दवाखान्याचे कागद हातात घेऊन उभाच होता. त्याने विचारलं, "झालं काय होतं मशीनला? पंधरा दिवसांपूर्वीच तर दुरुस्त केलं होतंत." विचारताना तो बायकोकडे बघत होता. घरात शिकलेली तीच. मशीन उघडलं होतं तेही तिनेच.

सुनेने तोंड उघडलं. ती काय बोलणार होती कोण जाणे, कारण थोरली आधी बोलली.

"बेस मी घातला. सैल बसलाय हे मला माहीत होतं. माहीत असून झाकण लावलं."

"माहीत होतं?"

"हो."

"आणि हिला?"

"तिला काय विचारतोस. ती कामावर गेली होती."

"आई," सून म्हणाली.

"तू गप. बाबांना पाणी आण."

सून हलली नाही. थोरलीने तिच्याकडे बघितलं, तशी मग गेली. थोरलीने जन्मात कुणाला आपल्या कामात वाटा दिला नव्हता, यातही दिला नाही. मोठं मन म्हणा नाहीतर हावरटपणा म्हणा, तिला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं.

लेक ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. त्याने कागद उशीपाशी ठेवले, कडा नीट जुळवून ठेवले, आणि दुकानात जाऊन अंधारात बसला. शटर अर्धं खाली होतं, दिवाही लावला नाही. सूनही थोड्या वेळाने तिकडे गेली. भिंत प्लायवूडची, पलीकडचं बोलणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. लेकाचा आवाज, मग सुनेचा, मग पुन्हा लेकाचा. थोरली चमच्याने पाणी पाजत होती. दोन चमचे गेले, तिसरा हनुवटीवरून ओघळला, तो तिने पुसला.

दिवेलागणीला सून दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते. म्हणाली, "हे म्हणतात, यापुढे मशीनला, नळीलासुद्धा, तुम्ही हात लावायचा नाही. मी सेंटर सोडते. मीच घरी बसते."

"बरोबर म्हणतो," थोरली म्हणाली.

चार वर्षांत सासूच्या तोंडून हा शब्द त्या घरात निघाला नव्हता. सून तशीच उभी. तिला अजून काही हवं होतं; एखादा टोमणा, एखादी शिवी, काहीतरी, ज्यावर तिला रागावता आलं असतं.

"मी त्यांना सगळं सांगते, आई. माझंही."

"सांगून काय करशील? त्याला एका घरात दोघी नकोशा होतील. एक पुरे." थोरलीने चमचा वाटीत ठेवला. "जा. जेवायला वाढ त्याला. उपाशी आहे सकाळपासून."

सून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. थोरलीने स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि मिस्त्रींच्या नाकातली नळी सरकली आहे का बघायला हात पुढे केला, मग लेकाचं म्हणणं आठवलं तसा मागे घेतला, आणि सुनेला हाक मारली.